उभं राहून मागणारी

आणि तो आरसा! काल चहाच्या नादात आरशाचं सांगायचं राहूनच गेलं. माझी सून जिथं कामाला जाते तिथं प्रत्येक टेबलावर तळहाताएवढा आरसा चिकटवलेला आहे. वेणीफणीसाठी नव्हे हो. फोनवर बोलताना आपला चेहरा हसरा आहे की नाही, ते बघायला. पलीकडच्याला चेहरा दिसत नाही, पण हसू ऐकू येतं म्हणे. मी म्हटलं, "सूनबाई, मग कपाळावरच्या आठ्याही ऐकू येत असतील." तर म्हणते, "येतात ना बाबा. तुमच्या तर स्वयंपाकघरापर्यंत येतात."

अशी ती आहे. आता तिचं काम काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल.

एक संस्था आहे. घरात कोणी आजारी पडलं, हाडबीड मोडलं, की ही संस्था चाकाची खुर्ची, कुबड्या, वर-खाली होणारी खाट असलं सामान घरी वापरायला देते. फुकट. माणूस बरा झाला की सामान परत करायचं, म्हणजे ते दुसऱ्याच्या घरी जातं. हा सगळा गाडा चालतो लोकांनी दिलेल्या पैशांवर, आणि तो पैसा मागायचं काम माझ्या सुनेचं. ज्यांनी कधी सामान नेलं असेल, कधी मदत केली असेल, त्यांना ती फोन करते. दिवसभर अनोळखी माणसांकडे मागते आणि संध्याकाळी ताठ मानेनं घरी येते. मला याचंच नवल. मला शेजाऱ्याकडे शिडी मागायची म्हटलं तरी मी आधी हवापाण्यावर बोलतो, मग त्याच्या मांजराची चौकशी करतो आणि शिडी न मागताच परत येतो.

म्हणून मी तिला प्रश्न विचारून भंडावून सोडायचो. कोण देतं? कोण ओरडतं? फोन आपटला तर वाईट वाटतं का? ती पोळपाटावरून हात न उचलता उत्तरं द्यायची. 'नाही' दोन जातीचं असतं, हे मला तिनंच शिकवलं. एक 'आत्ता नाही' आणि एक 'कधीच नाही'. दोघांचा आवाज वेगळा असतो. 'आत्ता नाही' म्हणणारा जरा घाईत बोलतो, कारण त्याला आतून द्यायचं असतं. 'कधीच नाही'वाला अगदी निवांत असतो. आणि सगळ्यात अवघड गोष्ट कोणती, तर मागून झाल्यावर गप्प बसणं. मागितलं की तोंडाला कुलूप. पलीकडचा बोलेपर्यंत आपण शब्द काढायचा नाही. तेवढ्यात नवशिके घाबरतात आणि "नसेल जमत तर राहू द्या" असं स्वतःच बोलून मोकळे होतात.

आमची ही लगेच म्हणाली, "ऐकलंत? गप्प बसायचेसुद्धा पैसे मिळतात. तुमचं तिथं कठीण आहे."

एकदा सूनबाई चष्मा घरी विसरली. मुलगा कामावर गेलेला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या इमारतीत मधल्या मजल्यावर लटकलेला असतो. मी म्हटलं, मी नेतो चष्मा. आमच्या हिनं माझ्याकडे असं पाहिलं की चष्म्याला पाय फुटले असते तर तिनं त्याच्यावर जास्त विश्वास ठेवला असता. पण गेलो.

खाली गोदाम. मिटवलेल्या चाकाच्या खुर्च्या एकमेकींना टेकून उभ्या. कुबड्यांची मोळी बांधून कोपऱ्यात. रबराचा आणि फिनेलचा वास. एक मिस्त्री खाटेचा दांडा फिरवून ती वर घ्यायचा, कान लावून ऐकायचा, पुन्हा खाली. मी विचारलं, "काय ऐकता?" तो म्हणाला, "कुरकुर. आजारी माणसाला पुरेशी कुरकुर असते, खाटेची कशाला?"

वर लांबलचक खोली. टेबलांच्या मध्ये छातीएवढ्या फळ्या, प्रत्येकाच्या डोक्यावर तो कानाचा पट्टा, तोंडापुढं दांडीवर छोटा माईक. कुणी "हो" म्हटलं की टेबलावरची घंटी वाजवायची आणि आजूबाजूचे टाळ्या न वाजवता नुसते हात हलवायचे, कारण टाळ्या पलीकडे ऐकू जातात. देखरेखीच्या मॅडमनी मला खुर्ची दिली. बसलो आणि नाटक पाहावं तसं पाहू लागलो.

सूनबाई बसून बोलत होती. पाय कसा आहे, जिना चढता का, नातू काय म्हणतो. आणि मग अचानक उभी राहिली. एका हातानं टेबलाची कड धरली, मान जराशी खाली घातली आणि मागितलं. मग गप्प. उभीच. थोड्या वेळानं तिचा चेहरा खुलला, घंटी वाजली, आणि ती खाली बसली.

बाकी सगळे बसून मागत होते. एवढी एकटीच उभी.

शेजारच्या टेबलावर एक बाई होती, खणखणीत आवाजाची. खोलीत तिला भोंगाताई म्हणतात आणि ती त्या नावानं हाक मारली तरच ओ देते. ती मला हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल असं, म्हणाली, "आजोबा, तुमच्या सुनेला आम्ही उभ्याताई म्हणतो. मागायची वेळ आली की हिच्या खुर्चीतून स्प्रिंग निघते."

मला आमचे धाकटे चुलते आठवले. गावात पोस्टात पहिला फोन आला तेव्हाची गोष्ट. फोन यायचा असला की हे आधी सदऱ्याची बटणं लावायचे, टोपी सरळ करायचे आणि मग तो काळा भोपळा कानाला लावायचे. पोरं हसायची, मीही हसायचो. चुलते म्हणायचे, "पलीकडं थोरला भाऊ आहे. तो बघत नसला म्हणून काय झालं? मी तर बघतोय ना मला!" तेव्हा मला ते खुळेपण वाटलं होतं. तिथं बसल्या बसल्या वाटलं, हे काही निराळंच आहे, विचारलं पाहिजे.

घरी येऊन विचारलंच. "का गं उभी राहतेस?"

ती म्हणाली, "सवय आहे बाबा. आमच्याकडे मागायचं ते उभं राहूनच."

तिचे वडील शिंपी होते. शिलाईयंत्रावर बसलेले असायचे, आणि मुलांना काही हवं असलं, वही असो, चपला असोत, की त्यांच्यासमोर उभं राहून, त्यांच्याकडे बघत मागायचं. लोळत नाही, कुरकुरत नाही, आईच्या पदराआडून तर नाहीच. ही पाच-सहा वर्षांची, यंत्राच्या पाट्यापेक्षा थोडीच उंच, उभी राहायची आणि घशातून शब्द फुटायचा नाही. तेव्हा कोपऱ्यात काजं करत बसलेला तिचा थोरला भाऊ म्हणायचा, "बस गं, बस. मी देतो." आणि आपल्या वाटचं काहीतरी काढून द्यायचा. स्वतःची पेन्सिल अर्धी मोडून द्यायचा.

हे सांगताना ती हसत होती. मग हसू गेलं.

आता या भावाचं सांगायला हवं, कारण त्यात आमचाही हात आहे. वडील गेल्यावर दुकान आणि घर भावानंच सांभाळलं. समोरच्या इमारतीत लिफ्ट बसवायला एक मुलगा यायचा, त्याची विजार कायम कशात तरी अडकून फाटायची आणि तो ती शिवायला दुकानात यायचा. इतक्या वेळा कुणाची विजार फाटत नाही, हे भावाच्या उशिरा लक्षात आलं. तो मुलगा म्हणजे आमचे चिरंजीव. भावानं बहिणीसाठी दुसरीकडे शब्द दिला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, वडिलांच्याच यंत्रापुढं, आणि म्हणाली, "दादा, मला याच्याशी लग्न करायचंय."

त्या वेळी तो "बस" म्हणाला नाही. सुईत दोरा नव्हता, तरी तो यंत्र चालवत राहिला. मग म्हणाला, "कर. पण पुन्हा या दारात काही मागायला येऊ नकोस."

सूनबाई म्हणाली, "नाही येणार. मेले तरी तुझ्याकडे काही मागणार नाही."

दोघंही शब्दाची पक्की, हेच वाईट झालं. लग्नाला तो आला नाही. आमची ही पुढच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी ठेवून दाराकडे बघत बसली होती. मग मुलं झाली, त्यांच्या शाळा सुरू झाल्या, आणि मामा म्हणजे कुणीतरी फोटोतला माणूस, एवढंच त्यांना ठाऊक.

आता गंमत बघा. त्या कचेरीत नंबर हातानं लावत नाहीत. यंत्रच लावतं. पलीकडे घंटी वाजायला लागते आणि इकडे पडद्यावर नाव येतं. एके दिवशी पडद्यावर आलं ते दादाचं नाव. त्याच्या बायकोचा पाय मोडला होता, संस्थेची खुर्ची त्यांनी नेली होती, परत केली होती, आणि चौकशी करून मदत मागायचा फोन करायचा होता. तो योगायोगानं हिच्याच टेबलावर येऊन पडला. ठेवून देईपर्यंत तिकडून "हॅलो" आलंसुद्धा.

तिथं कुणी खरं नाव सांगत नाही, प्रत्येकीचं कामापुरतं एक नाव असतं. हिनं ते सांगितलं. समोरचा लिहिलेला कागद जसाच्या तसा वाचला, "आपला फोन नोंदवला जात आहे" इथपासून. पाठीमागं शिलाईयंत्राचा आवाज येत होता. ती म्हणाली, "पेशंटची तब्येत आता कशी आहे?" तो म्हणाला, "हाड जुळलं. चालते आता." म्हणजे वहिनीचा पाय मोडून बरा झाला, हे तिला असं कळलं. आणि मग कागदावरची शेवटची ओळ आली, मागायची.

ती उभी राहिली. दुसरं करणार काय? मागितलं. आणि गप्प.

पलीकडचं यंत्र थांबलं. मग तो म्हणाला, "लिहा माझं नाव. दर महिन्याला."

त्या संध्याकाळी आमच्याकडे दूध उतू गेलं. गॅससमोर उभी असून सूनबाईला दिसलं नाही. तेव्हाच मी खोदून खोदून विचारलं आणि सगळं कळलं.

मी तर उडालोच. "अगं, मग ओळख दे! 'दादा' म्हण आणि मोकळी हो!"

"नाही बाबा," ती ओटा पुसत म्हणाली. "मी बहीण म्हणून बोलले तर त्यानं बहिणीला सांगितलंय, येऊ नकोस. संस्थेच्या बाईंना नाही सांगितलेलं."

आणि दुसरीही अडचण होती. संस्थेचा नियम आहे की नातेवाइकाला फोन आपण करायचा नाही. मागं कुणीतरी सगळ्या मावश्या-आत्यांना गळ घातली होती, त्यांनी भिडेपोटी पैसे दिले आणि नंतर घरोघरी तोंडं फुगली. तेव्हापासून नातं असेल तर सांगायचं, आणि तो माणूस दुसऱ्या टेबलाकडे जातो. म्हणजे हिनं नातं उघड केलं तर फोन जाणार. लपवलं तरच भाऊ मिळणार.

मदत देणाऱ्यांना अधूनमधून फोन करून त्यांच्या पैशाचं काय झालं ते सांगायचं असतं, आणि एकदा जोडलेला माणूस त्याच टेबलाकडे राहतो. तसे हे फोन सुरू झाले. मी कान टवकारून वाट बघायचो. ती घरी आली की चपला काढायच्या आत माझा प्रश्न, "झाला का फोन? काय म्हणाला?"

"नवी खाट घेतली ते सांगितलं."

"मग?"

"म्हणाला, बरं झालं."

"आणि?"

"म्हणाला, थंडी फार आहे, तुम्हा लोकांना खोलीत हीटर आहे का?"

मी आमच्या हिला म्हटलं, बघ, शिंपी कधी संस्थेच्या बाईला हीटर आहे का विचारतो का? ही म्हणाली, "भला माणूस असेल तर विचारेल. तुम्ही नाक खुपसू नका." पण रात्री जेवताना हीच हळूच म्हणाली, "यंत्र चालू होतं का गं फोनवर?" सूनबाई म्हणाली, "नाही. आता माझा आवाज आला की थांबवतो."

त्याला ठाऊक आहे की नाही? हाच एक किडा माझ्या डोक्यात वळवळत राहिला. तिलाही खात्री नव्हती. तिचा आवाज तर बदललेला, फोनवर सगळ्यांचाच बदलतो. मग एकदा संस्थेला आणखी खुर्च्या घ्यायच्या होत्या, आणि नेहमी देणाऱ्यांकडे थोडं वाढवून मागायचं ठरलं. ती बोलत बोलत तिथपर्यंत आली, उठली, खुर्ची कुरकुरली. आणि तिनं तोंड उघडायच्या आत तिकडून आवाज आला, "बसा, बसा. बसून बोला."

ऐकलंत? फोनवर कुणाला काय दिसतंय ती उभी आहे की बसलीय! जगात एकच माणूस होता ज्याला खुर्चीच्या कुरकुरीवरून कळावं की ही आता उभी राहिली, म्हणजे ही आता मागणार.

ती बसली. बसूनच मागितलं. तो हो म्हणाला. घंटी वाजवायला ती विसरली. भोंगाताईनं हात लांब करून वाजवली.

आता इथंच थांबलं असतं तर किती बरं! पण देखरेखीच्या मॅडमना तो फोन ऐकून फार आवडला. सगळे फोन नोंदवलेले असतात, त्यातला हा त्यांनी नव्या मुलींना शिकवायला निवडला. सगळ्यांना गोल बसवून लावला. "बघा," त्या म्हणाल्या, "किती आपुलकी आहे. कुठं घाई नाही, कुठं आर्जव नाही. असं नातं जोडता आलं पाहिजे." मग "बसा, बसा" आलं, आणि मॅडमनी आवाज थांबवला.

"एवढं एक मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. माझ्याइतक्याच चौकस असाव्यात. "हे गृहस्थ 'बसून बोला' का म्हणाले? त्यांना कसं कळलं?"

सगळ्यांनी हिच्याकडे पाहिलं. भोंगाताईनं वेळ सांभाळायला म्हटलं, "मॅडम, हिची खुर्ची फोनच्या त्या टोकालाही ऐकू जाते, तेल घालायला सांगा," आणि सगळे हसले. हिलाही हसून सुटता आलं असतं. मी तर हसलो असतो बुवा. पण नव्या मुली वह्या उघडून बसल्या होत्या. त्यांना ही आपुलकी म्हणजे शिकता येणारी युक्ती वाटत होती. त्या उद्या अशीच आपुलकी करायला जातील, आणि ती जमणार नाही, आणि वाटेल आपलंच काही चुकतंय.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हा फोन शिकवायला घेऊ नका. तो माझा सख्खा भाऊ आहे."

मॅडम चांगल्या बाई. रागावल्या नाहीत. पैसे घ्यायला कुणी भीड घातली नव्हती, तेव्हा त्याची मदतही तशीच चालू राहिली. पण नियम तो नियम. दादाचं नाव भोंगाताईच्या टेबलाकडे गेलं.

त्यानंतर सूनबाई घरात सगळी कामं करायची, पण विचारलं तेवढंच बोलायची. मी आरशाचा विनोद दोनदा करून पाहिला. फुकट गेला. पुढचा फोन भोंगाताईनं केला आणि जेवणाच्या सुट्टीत येऊन हिला सांगितलं, ते असं. यंत्र चालू होतं. भोंगाताईचा आवाज ऐकून थांबलं. दादा म्हणाला, "त्या दुसऱ्या बाई कुठं गेल्या?" भोंगाताई म्हणाली, "त्यांचं टेबल बदललं." तो म्हणाला, "बऱ्या आहेत ना?" ती म्हणाली, "बऱ्या आहेत." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "त्यांना कुणी काही बोललं का?"

"बाई गं," भोंगाताई हिला म्हणाली, "मला कधी नव्हे तो हळू आवाजात बोलता आलं."

ते ऐकून सूनबाई घरी आली ती सुट्टीच्या दिवसापर्यंत कसल्याशा विचारात होती. सुट्टीच्या दुपारी मुलगा मुलांना घेऊन बाहेर गेलेला. आमची ही खिडकीत बसून मण्यांची माळ ओवत होती, आणि मी वर्तमानपत्र उलटं की सुलटं धरलं होतं देव जाणे. सूनबाई आली, माझ्यासमोर उभी राहिली.

मी म्हटलं, "काय गं, काही मागायचंय का?"

"नाही," ती म्हणाली. "बाबा, दुकानाचा नंबर अजून तोच असेल?"

तो नंबर तिला लहानपणापासून पाठ. कचेरीच्या पडद्यावरून घ्यायची गरज नव्हती आणि तिनं घेतलाही नसता. मी म्हटलं, "असेलच. शिंप्याची पाटी आणि नंबर कोण बदलतो?" तेवढ्यात आमची ही हातातली माळ टाकून म्हणाली, "विचारत काय बसलीस, लाव." मणी सगळे जमिनीवर. कुणी उचलले नाहीत.

तिनं स्वतःचा फोन घेतला. समोर ना कागद, ना आरसा. मी इतका पुढं झुकलो होतो की तिनं स्पीकर चालू केला, नाहीतर मी स्टुलावरून पडलोच असतो. घंटी वाजत होती. ती सवयीनं उभी होती, हात टेबलाच्या कडेवर.

तिकडे शिलाईयंत्राचा आवाज आला, आणि "हॅलो."

यंत्र चालूच.

"हॅलो? कोण बोलतंय?"

तिनं पायानं खुर्ची ओढली. आमची ती जुनी लाकडी खुर्ची, ती तर कचेरीतल्यापेक्षा मोठ्यानं कुरकुरते. तिकडचं यंत्र थांबलं. ती खाली बसली, आणि म्हणाली:

"दादा, मी बोलतेय. आज काही मागायचं नाहीये, म्हणून बसूनच बोलतेय."